एकवीस स्क्रू

बॅटरीची मायनस काढली तेव्हा
डॅशबोर्डावरचं घड्याळ थांबलं असतं,
ते तसंही चालत नव्हतं.
उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये
शेजारच्या लेथचा किस पायाखाली कुरकुरत होता
आणि मी सत्त्याऐंशीच्या पद्मिनीत उताणा,
मान क्लचच्या पायाशी, हात वर घालून
स्पीडोमीटरची केबल चाचपडत होतो.
"बघू नगासा," चाचा म्हणाले, "बोटानं हुडका.
तितं डोळ्याचं काम न्हाई."

चोकची तार. बल्बांचे होल्डर.
कुठंच न जाणारी एक पिवळी वायर.
स्क्रू मी चहाच्या बशीत ठेवले, मोजून. एकवीस.

वर रेग्झिन होतं, काळं, उन्हानं पापड झालेलं,
कडेला दुहेरी टीप.
आईनं शिवलेलं, मंगळवार पेठेतल्या पायमशीनवर,
लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग बाजूला सारून.
बाबा पाहुण्यांना म्हणायचे,
"कंपनीचंच वाटतंय की नाही?"
ते पॅटर्नमेकर. एक सूत फरक पडला
तर अख्खं लाकूड भट्टीत घालणारे.
त्यांचं सूत पट्टीवरचं, तिचं रिळातलं.
जुळलं होतं, कसं कोण जाणे.

चाचांनी पत्ती लावली.
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं रेग्झिन सुटत आलं
आणि खाली निघाला फिकट हिरवा रंग,
कोवळ्या काकडीच्या आतल्या अंगासारखा.
त्यावर, ग्लोव्हबॉक्सच्या जरा वर,
कर्कटकानं पार पत्र्यापर्यंत कोरलेलं:
विज

"विज?" चाचांचा तौफिक वाकून म्हणाला,
"वायरिंगची खूण असंल."
मी गप्प. माझं नाव विजयसिंह.
इयत्ता पाचवी, नवी कंपासपेटी,
दारात पंधरा दिवसांची नवी गाडी.
य काढायच्या आत कुणीतरी हाक मारली असणार.
हे मी विसरलो होतो.
निदान तसं समजत होतो.

मार बसल्याचं आठवत नाही.
आठवतो तो रात्री उशिरापर्यंत मशीनचा आवाज
आणि सकाळी गाडीत बसलेले बाबा,
"नव्या गाडीला हे कशाला गं?"
"ऊन लागतंय," आई म्हणालेली. "रंग जाईल."
पुढं एकोणतीस वर्षं ते चालवत राहिले,
गगनबावड्याच्या घाटात, गोकुळ शिरगावच्या पाळीला,
आणि त्यांना कधी कळलं नाही
याचं मला त्या शेडमध्ये
हसू आलं, मग ते हसू कुठं ठेवावं कळेना.

"पुट्टी भरू?" चाचांनी विचारलं.
मी म्हटलं, भरा. मग म्हटलं, थांबा.
तेवढ्यात चहा आला.
चहा संपेस्तोवर त्यांनी भरलीही होती.
मग ऐंशीचा पेपर, दोनशेवीसचा,
चारशेचा पाण्यात भिजवून. प्रायमरचे दोन हात.
रंग तोच घेतला, काकडीचा,
लक्ष्मीपुरीतल्या दुकानात तीन खेपा घालून.
कॉम्प्रेसर सुरू झाला. तौफिकनं तोंडाला रुमाल बांधला
आणि एका श्वासात, न थांबता,
या टोकापासून त्या टोकापर्यंत गन फिरवली.

सगळं परत बसवलं तरी बशीत एक स्क्रू उरला.
"ऱ्हाऊ द्या," चाचा म्हणाले,
"गाडी चालती न्हवं?"

संध्याकाळी आईला रंकाळ्यावर नेलं.
तिला आता कडा दिसतात, मधलं दिसत नाही.
हात पुढं करून तिनं डॅशबोर्ड चाचपला.
"कव्हर काढलास व्हय."
पाण्यावरून तिरपं ऊन आत आलं,
आणि ताज्या रंगाखाली पुट्टी केसभर बसलेली दिसली,
दीड अक्षर, पुसट.
मी उगाच फडकं तिथं टाकलं.
"तुझ्या बाबांना ठाऊक होतं," ती म्हणाली.
"एक सूत त्यांच्या बोटाला कळायचं नाही होय रे?
पहिल्याच दिवशी अंगठा फिरवला तिथनं.
दोनदा फिरवला.
मग म्हणाले, टीप सरळ आलीय."

माझ्या खिशात तो स्क्रू होता.
फुटाण्याची पुडी तिनं माझ्यापुढं धरली.